कर्ण्याचे गृहागमन : जुने ध्वनिक्षेपक आणि श्रवणाचा इतिहास

१. विषयप्रवेश

वसमत हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. हळदीची मोठी पेठ आणि पूर्णा–हिंगोली–अकोला लोहमार्गावरील स्थानक, एवढी ओळख बाहेरच्या वाचकास पुरेशी आहे. गेल्या शतकात या गावाचा शासकीय पत्ता चार वेळा पालटला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गाव द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले. या पालटांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास फर्माने, राजपत्रे व महसुली दफ्तरे अभ्यासकाच्या हाताशी आहेत. परंतु याच काळात गावकऱ्यांच्या कानांवरही तितकाच मोठा पालट झाला. मानवी कंठ, नगारा व घंटा यांच्यापलीकडचा, विजेने वाढविलेला आवाज याच शतकात खेडोपाडी पोहोचला. या पालटाचे दफ्तर कोठे आहे?

ते पुष्कळसे भंगाराच्या दुकानात आहे, असे उत्तर द्यावे लागते. एकपडदा चित्रपटगृह बंद झाले किंवा जत्रेतील तंबूचा सिनेमा उठला, म्हणजे प्रक्षेपणयंत्र, पडद्यामागील कर्णे व त्यांचे ड्रायव्हर वजनावर विकले जातात. लोखंड, तांबे व चुंबक वेगळे काढले की त्या वस्तूचा इतिहास संपतो. यातून जे थोडे वाचते ते बहुधा हौशी श्रोत्यांमुळे. जुने ड्रायव्हर व कर्णे मिळवून, दुरुस्त करून, घरच्या दिवाणखान्यात त्यांवर गाणे ऐकण्याचा छंद जपानात, युरोप-अमेरिकेत आणि अल्प प्रमाणात आपल्याकडेही आहे. या छंदाकडे इतिहासाभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे आणि अशा उपकरणाकडून कोणती साक्ष घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम संज्ञा निश्चित करू. विजेच्या प्रवाहाने पातळ पडदा कंप पावविणारा जो चुंबकयुक्त भाग, त्यास ड्रायव्हर म्हणतात. बाजारात त्यालाच 'युनिट' असे नाव आहे. त्या पडद्याचा कंप अरुंद घशापासून रुंद मुखापर्यंत क्रमाने पसरत जाणाऱ्या नळीतून हवेत सोडणारा भाग म्हणजे कर्णा. सभामंडपावर बांधलेल्या कर्ण्यास आपण भोंगा म्हणतो. 'कर्णा' हा शब्द मात्र विजेहून फार जुना आहे. नगारखान्यातील आणि सैन्यातील लांब तोंडाचे सुषिर वाद्य या अर्थाने तो फारसीतून मराठीत आला. नव्या यंत्राला लोकांनी जुन्या वाद्याचे नाव दिले हे यथार्थच झाले, कारण दोहोंचे तत्त्व एकच आहे.

२. शक्तीचे दारिद्र्य आणि कर्ण्याची उपपत्ती

कर्णा का निर्माण झाला, याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. भवनध्वनीच्या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने १९०० च्या सुमारास घातला. त्याच्या सूत्रावरून एखाद्या जागेत ठरावीक मोठेपणाचा आवाज भरण्यास किती ध्वनिशक्ती लागते ते काढता येते. सुमारे ८०० प्रेक्षकांचे, ४,००० घनमीटर आकारमानाचे आणि १.२ सेकंद घुमण्याचा काल असलेले चित्रपटगृह घेऊ. तेथे ८५ डेसिबल इतका आवाज भरण्यास सुमारे ०.०४ वॉट ध्वनिशक्ती लागते. परंतु संगीतातील क्षणिक उंचवटे सरासरीच्या २० डेसिबल वर, म्हणजे शंभरपट शक्तीचे असू शकतात. तेव्हा ४ वॉट ध्वनिशक्तीची तरतूद ठेवणे भाग आहे.

आता उघड्या शंकूचा ध्वनिक्षेपक विजेचा सुमारे एक टक्का भागच ध्वनीत रूपांतरित करतो. उरलेली शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे ४ वॉट ध्वनीसाठी ४०० वॉटचा ध्वनिवर्धक हवा. १९२६ ते १९३५ या काळात चित्रपटगृहातील निर्वात नळ्यांचे ध्वनिवर्धक काही थोड्या वॉटांचेच असत. येथे कर्णा उपयोगी पडला. चांगल्या कर्ण्याला जोडलेला ड्रायव्हर विजेचा पाव भाग ध्वनीत उतरवू शकतो असे धरले, तर तेच काम १६ वॉटांत होते. लहान पडदा आणि मोकळी हवा यांची सांगड चांगली बसत नाही; पडदा हवेला नुसता चिरत जातो. कर्ण्याच्या घशातील कोंडलेली हवा त्या पडद्यास भार देते, आणि नळीच्या क्रमिक विस्तारामुळे तो दाब मुखाशी पोहोचेपर्यंत मोठ्या क्षेत्रावरील सौम्य कंपात परिणत होतो. यंत्रशास्त्रातील दंतचक्रांच्या गुणकाशी याची तुलना करता येईल.

या तत्त्वाचा विकास अल्पावधीत झाला. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात 'मॅग्नाव्हॉक्स' हा विजेवर चालणारा कर्णायुक्त ध्वनिक्षेपक सिद्ध केला. १९१९ मध्ये आर्थर वेब्स्टरने कर्ण्याचे समीकरण प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये हॅना व स्लेपियन यांनी घातांकी आकाराच्या कर्ण्याचे गणित मांडले. पुढच्याच वर्षी चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणारा, फिरत्या वेटोळ्याचा शंकुध्वनिक्षेपक पुढे आणला. घरगुती रेडिओने हा दुसरा मार्ग धरला, चित्रपटगृहाने पहिला. बेल प्रयोगशाळेतील वेंटे व थुरास यांचा ड्रायव्हर, जो वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५ या नावाने विख्यात झाला, तो १९२६ मधील व्हिटाफोन बोलपटांबरोबर चित्रपटगृहात गेला. त्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केले.

येथे हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे की, कर्णा हा आवाजाच्या सौंदर्यासाठी निवडलेला मार्ग नव्हता. तो शक्तीच्या दारिद्र्यावरील उपाय होता. ज्या काळी व ज्या ठिकाणी वॉट महाग, त्या काळी व त्या ठिकाणी कर्णा आवश्यक. हे सूत्र मनात ठेवले, म्हणजे आपल्या प्रदेशातील त्याचा प्रवास नीट समजतो.

३. मराठी मुलुखातील तीन वाटा

मराठी श्रोत्यांपर्यंत कर्णा तीन वाटांनी आला. पहिली वाट तबकडीची. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यास फ्रेड गायस्बर्ग याने सुरू केले. त्या काळचे मुद्रणही कर्ण्यातून व वादनही कर्ण्यातूनच होई. विजेचा संबंध कोठेच नव्हता. सुईच्या कंपातून मिळणारी शक्ती इतकी अल्प की, कर्ण्याशिवाय ती ऐकूही आली नसती. किल्लीचा बाजा हे संपन्न घरातील किंवा पेठेतील दुकानातील भूषण असे, आणि त्याभोवती वस्तीच गोळा होई. म्हणजे घरात शिरलेला पहिला कर्णा हा हौशी मंडळींनी आजकाल आणलेला नव्हे. तो शतकापूर्वीच आला होता.

दुसरी वाट बोलपटाची. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. पुढच्या वर्षी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला. तेथील ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. बोलपटाबरोबर पडद्यामागे ध्वनिक्षेपक आले. मोठ्या शहरांतील चित्रपटगृहांना अमेरिकी व ब्रिटिश बनावटीची यंत्रे परवडत. लहान गावांना ती उतरत्या क्रमाने, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने मिळत. तंबूच्या सिनेमाची गोष्ट आणखी निराळी. जत्रेच्या मैदानात इंजिनावर वीज निर्माण करून चालणाऱ्या खेळात प्रत्येक वॉट इंधनाच्या हिशेबात मोजावा लागे. तेथे कर्ण्यास पर्याय नव्हता. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण २०१६ च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटात झाले आहे. शोकपूर्ण असले तरी ते मोलाचे साधन आहे.

तिसरी वाट सभेची, आणि येथे मराठवाड्याचा इतिहास ब्रिटिश मुलुखाहून वेगळा पडतो. मुंबई इलाख्यात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांबरोबर ध्वनिक्षेपकाचा प्रसार झाला; मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही पेढी या कामी प्रसिद्ध होती. लक्षावधी श्रोत्यांपर्यंत वक्त्याचा शब्द पोहोचविणारे हे यंत्र राजकीय चळवळीचे अंग बनले. हैदराबाद संस्थानात मात्र 'गश्ती निशाण ५३' या हुकुमाने सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन होते, आणि १९३८ मध्ये स्थापनेबरोबरच स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ज्या ठिकाणी सभाच परवान्याची, तेथे सभेचा भोंगा मोकळा कसा असणार? तेव्हा वसमतसारख्या गावी ध्वनिक्षेपकाचे खरे सार्वजनिक युग १९४८ नंतरचे मानावे, असे आमचे अनुमान आहे. प्रचारसभा, गणेशोत्सव, कीर्तनसप्ताह, उरूस, लग्ने या सर्वांत तो पुढील दोन दशकांत रुळला.

या युगातील भोंगा परदेशी राहिला नाही. १९५६-५७ मधील परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले, आणि देशी कारखान्यांचे ध्वनिवर्धक व युनिटे सर्वत्र पसरली. १९४० मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या आहुजा कंपनीचे नाव तर मंडपवाल्यांच्या बोलण्यात जातिवाचकच होऊन बसले. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान ध्वनिवर्धक आणि दोन भोंगे एवढ्या सामग्रीवर गावभर आवाज जाई. विजेचे खांब ज्या वाडीत नव्हते, त्या वाडीतही कर्णा बोलला. कारण तो मुळातच थोड्या विजेवर निभावणारा होता.

४. घरातून निर्गमन आणि पुनरागमन

सार्वजनिक कर्ण्याबरोबरच घरगुती कर्ण्याचीही एक स्वतंत्र परंपरा होती, तिचा उल्लेख केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला' या बाजात घातांकी कर्णा घडी घालून लाकडी कपाटात बसविला होता. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० नंतरच्या दशकात खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा कर्णा बनविला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या कोपऱ्यातील कर्ण्यात तर खोलीच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा विस्तार मानले होते. हे कर्णे खोलीचे माप डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. चित्रपटगृहाचे कर्णे तसे नव्हते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

घरगुती कर्णा मागे पडला तो तीन कारणांनी. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी लहान बंद पेटीतूनही खोल स्वर काढून दाखविला. १९५८ च्या सुमारास द्विमार्गी तबकड्या आल्या, आणि एका कर्ण्यासाठी कशीबशी जागा करणाऱ्या कुटुंबाला दोन कर्णे ठेवणे अशक्य झाले. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले. ज्या दारिद्र्यातून कर्णा जन्मला ते दारिद्र्यच उरले नाही. लहान पेटी, कमी कार्यक्षमता आणि भरपूर वॉट, ही नवी रीत झाली.

पुनरागमन झाले ते गरजेपोटी नव्हे. १९७० नंतर अमेरिकी चित्रपटगृहांतून निघालेली जुनी सामग्री जपानी संग्राहकांनी विकत घेतली, आणि एक-दोन वॉटांच्या त्रयाग्री नळीच्या ध्वनिवर्धकाबरोबर ती घरी वाजविण्याची चाल पाडली. आपल्याकडील हौशी श्रोते याच चालीचे दूरचे वारस आहेत.

५. दिवाणखान्यातील कर्णा : काय साधते, काय साधत नाही

वसमतच्या एखाद्या जुन्या घरातील पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच अशी खोली घेऊ. तिचे आकारमान सुमारे ५१ घनमीटर. घुमण्याचा काल एक सेकंद धरला, तर ८५ डेसिबलसाठी अवघी ०.०००६ वॉट ध्वनिशक्ती लागते. शंभरपट उंचवट्यासाठी ०.०६ वॉट. एक टक्क्याच्या शंकूला यासाठी ६ वॉट वीज हवी. पाव भाग कार्यक्षमतेच्या कर्ण्याला पाव वॉट पुरे. चित्रपटगृहासाठी जे यंत्र अपरिहार्य होते, ते या खोलीत गरजेच्या कित्येक पट आहे. यातून एक लाभ व एक हानी संभवते.

लाभ असा की, पडद्याला अत्यल्प हालचाल करावी लागते. जितकी हालचाल कमी तितकी विकृती कमी. तबल्याचा आघात किंवा सतारीची मिजराब कर्ण्यावर ताजी वाटते, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की, कर्णा आवाज एका दिशेने पाठवितो. भिंतींवरून परतणारा आवाज त्या मानाने कमी पडतो, आणि शब्द स्वच्छ ऐकू येतो. हानी अशी की, ध्वनिवर्धकाचा सूक्ष्म गुणगुणाट, जो साध्या पेटीवर ऐकूही येत नाही, तो कर्ण्यावर स्पष्ट होतो. मंडपासाठी बनविलेला ध्वनिवर्धक घरच्या कर्ण्याला जोडून पाहणाऱ्याची निराशा बहुधा येथेच होते. दोष कर्ण्याचा मानला जातो, वास्तविक तो जोडणीचा असतो.

यापेक्षा मोठी मर्यादा मापाची आहे. घातांकी कर्णा किती खालचा स्वर देऊ शकेल हे त्याच्या विस्ताराच्या गतीवर आणि मुखाच्या आकारावर अवलंबून असते. मुखाचा परीघ तरंगलांबीइतका असावा, हा स्थूल नियम. १०० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी ३.४४ मीटर, म्हणजे मुखाचा व्यास सुमारे १.१ मीटर हवा, आणि एक इंची घशापासून तेथवर योग्य गतीने पसरण्यास सुमारे दोन मीटर लांबी. असा कर्णा चित्रपटगृहाच्या पडद्यामागे मावतो. मंडपाच्या भोंग्याचे मुख ४० सेंटिमीटरचे असेल, तर त्याची मर्यादा २७४ हर्ट्‌झच्या आसपास येते. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्‌झचा, आणि त्याच्या तंबोऱ्याचा खरज ६९ हर्ट्‌झचा. म्हणजे भोंग्यावरून आपण जे भजन ऐकत आलो, त्यात गायकाचा मूळ षड्ज पुरता नव्हताच! वरच्या स्वरांशांवरून कानाने तो जुळवून घेतला. बाणेदार, नाकात बोलल्यासारखा, दुरूनही ओळखू येणारा तो 'भोंग्याचा आवाज' ही मंडपवाल्याची चूक नव्हे. तो भूमितीचा परिणाम आहे.

म्हणून घरी जुना ड्रायव्हर वापरणारे त्याला मधल्या व वरच्या स्वरांपुरता राखतात आणि खालच्या स्वरांसाठी मोठ्या शंकूची पेटी जोडतात. येथे आणखी एक अडचण उद्भवते. दोन ध्वनिक्षेपकांचे उगम पुढे-मागे असले, तर एकच आघात दोनदा पोहोचतो. १९३५ च्या सुमारास हॉलीवूडच्या एम.जी.एम. चित्रसंस्थेत एलेनॉर पॉवेल हिच्या पदन्यासाचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू आला, अशी कथा या क्षेत्रात परंपरेने सांगितली जाते. खालच्या व वरच्या कर्ण्यांच्या मार्गांत सुमारे आठ फुटांचा फरक असल्याचे कारण निघाले. आठ फूट म्हणजे सात सहस्रांश सेकंद. याच सुमारास शिअरर कर्ण्याची जुळणी झाली व १९३६ च्या कामगिरीसाठी तिला अकॅडमीचे पारितोषिक मिळाले. घरच्या जुळणीतही ड्रायव्हर पुढे-मागे सरकवून हे अंतर जुळवावे लागते. त्याकडे दुर्लक्ष केले, तर सर्वोत्तम जुना ड्रायव्हरही तबल्याची थाप पसरट करतो.

शेवटी वरच्या टोकाची मर्यादा. जुन्या चित्रपटाचा प्रकाशमुद्रित ध्वनिपट्टा आणि ७८ फेऱ्यांची तबकडी यांत अतितार स्वर फारसे नव्हतेच. १९३८ पासून चित्रपटगृहांत वरचे स्वर मुद्दाम उतरते ठेवण्याचा प्रघात होता, जेणेकरून पट्ट्याची खरखर दबावी. त्या काळचा ड्रायव्हर त्या साहित्याला अनुरूप आहे. १९३० नंतरच्या दशकातील नाट्यगीताची तबकडी अशा ड्रायव्हरवर ऐकली असता सुईची खरखर मागे राहून कंठ पुढे येतो, तो याच कारणाने. परंतु आधुनिक मुद्रणाला तोच ड्रायव्हर एकट्याने पुरा पडत नाही.

६. साधन म्हणून ड्रायव्हर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुना ड्रायव्हर घरी लावणारा पुष्कळदा म्हणतो की, आपण 'पूर्वीचा खरा आवाज' ऐकत आहोत. इतिहासाभ्यासकाने हे विधान जसेच्या तसे स्वीकारता कामा नये. आवाज हा ड्रायव्हर, कर्णा, ध्वनिवर्धक, जागा आणि श्रोतृसमुदाय या पाचांचा गुणाकार आहे. त्यांपैकी एक घटक दिवाणखान्यात आणल्याने उरलेले चार येत नाहीत. मात्र एक घटक मूळ स्थितीत हाती असेल, तर उरलेल्यांविषयी तर्क करता येतो. आणि येथेच या वस्तूंचे साधनमूल्य आहे.

ते मूल्य कसे वाचावे? प्रथम चुंबक पाहावा. सर्वांत जुन्या ड्रायव्हरांत स्थायी चुंबक नसून विद्युत्‌चुंबक असे. वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५ च्या चुंबकास ७ व्होल्ट व १.५ ॲम्पिअर, म्हणजे साडेदहा वॉट लागत. आमच्या वरील खोलीत ध्वनीला लागणाऱ्या शक्तीच्या तुलनेने हा आकडा उद्बोधक आहे. जपानी संशोधक मिशिमा यांच्या १९३१ च्या शोधातून ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूंचे स्थायी चुंबक विकसित झाले, व दुसऱ्या महायुद्धानंतर ते रूढ झाले. १९७८ मध्ये झाईरमधील संघर्षामुळे कोबाल्ट दुर्मीळ झाले आणि मोठ्या ड्रायव्हरांतही स्वस्त फेराइट शिरले. म्हणजे आफ्रिकेतील एका प्रांतातील अशांततेची खूण चुंबकाच्या जातीवर उमटली आहे. यावरून कालाची स्थूल मर्यादा ठरविता येते.

त्यानंतर अंगावरील जोडणी पाहावी. सोळा ओहमचे दोनच स्क्रू असतील, तर वस्तू बहुधा चित्रपटगृहाची. सत्तर किंवा शंभर व्होल्टच्या तारेसाठी आत लहान ट्रान्सफॉर्मर असेल, तर ती सभेच्या मांडणीची, कारण लांब तारेतील शक्तिनाश टाळण्यासाठीच ही योजना होती. पडदा धातूचा की राळ भिनवलेल्या कापडाचा, यावरून ती वस्तू नाजूक आवाजासाठी की धुळीत, उन्हात व ओरडण्यासाठी बनली हे कळते. नामपट्टीवरील देशनाम आयातनिर्बंधांच्या आधीचे की नंतरचे, हे सुचविते.

खेदाची गोष्ट अशी की, प्रामाणिक दुरुस्तीतही ही साक्ष नष्ट होते. पडदा बदलला, चुंबक नव्याने भारला, नामपट्टी घासून पुन्हा रंगविली, की वस्तू वाजू लागते. पण साक्षीदार म्हणून मुकी होते. हौशी श्रोत्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ती भट्टीतून वाचविली हेच मोठे. १९६४ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपट जपले, भित्तिपत्रके व पुस्तिका जपल्या. पण ज्या कर्ण्यांतून ते चित्रपट परभणी-नांदेडच्या बाजूला ऐकले गेले, त्यांचे जतन अद्याप खाजगी हौसेवरच अवलंबून आहे. तेव्हा अभ्यासकाने हौशी श्रोत्याशी सहकार्य करणे हाच मार्ग उरतो.

त्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस पुढील काम सुचवावेसे वाटते. एका तालुक्याची मर्यादा घ्यावी; वसमत तालुका यास उत्तम आहे, कारण तेथे बाजारपेठ, लोहमार्ग, जत्रांचा मुलुख आणि राजवटींचे पालट ही सर्व अंगे एकत्र येतात. बंद झालेली चित्रपटगृहे, मंडपवाले, बँडवाले, भजनी मंडळे व देवस्थाने यांच्याकडील प्रत्येक जुन्या ड्रायव्हराची व कर्ण्याची नोंद करावी: मुखाचा व्यास, घशाचा व्यास, लांबी, चुंबकाची जात, जोडणी, नामपट्टी, आणि ती वस्तू कोणाकडून, कोणत्या साली आली याविषयी मालकाचे सांगणे. दुरुस्तीपूर्वी छायाचित्र घ्यावे आणि काढलेला जुना पडदा टाकून न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. मोजपट्टी, वही आणि संयम, याहून अधिक सामग्री यास लागत नाही. वर दिलेल्या नियमाने मुखाच्या मापावरून त्या कर्ण्याची खालची मर्यादा निघेल. अशा पन्नास नोंदी झाल्या, तर एका पिढीने भजन, भाषण आणि सिनेमा कोणत्या स्वरमर्यादेत ऐकला, हे प्रथमच आकड्यांनी सांगता येईल.

७. समारोप

कर्णा हे शक्तीच्या दारिद्र्याचे अपत्य होय. त्या दारिद्र्यातच त्याने तंबोऱ्याचा खरज गमावला आणि वक्त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत नेला. वॉट स्वस्त झाले तेव्हा तो घरातून गेला आणि मैदानात राहिला. मैदानातही त्याच्यावर मर्यादा आल्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई केली, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. अशा स्थितीत तो पुन्हा घरी येतो आहे, पाव वॉटावर समाधान मानणारा आणि एकाच श्रोत्यासमोर बोलणारा.

त्याचे हे गृहागमन नुसत्या स्मरणरंजनाचे निमित्त ठरू नये. ज्या हौशी श्रोत्याने जुना ड्रायव्हर आपल्या खोलीत आणला आहे, त्याने तो कोणत्या जागेसाठी, किती विजेवर, कोणत्या साहित्यासाठी बनला होता हे आधी वाचावे. तसे वाचले, तर तो ड्रायव्हर चांगला वाजेलही आणि खरे बोलेलही. ही दोन्ही कामे एकाच ज्ञानाने साधतात, हा या विषयाच्या अभ्यासातील आनंदाचा भाग आहे. भंगाराचा काटा मात्र कोणासाठी थांबत नाही. तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर सोपविण्याजोगे नाही.